टायटॅनियमवर सोनेरी थर कसा उगवतो: नायट्रायडिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

दरवर्षी एमटेकची प्रोजेक्ट वाटून झाली की एखादा तरी ज्युनियर फोन करतो, "ताई, मला टायटॅनियमचं नायट्रायडिंग आलंय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसलेय. नायट्रायडिंग म्हणजे धातू तापवून त्याच्या पृष्ठभागात नायट्रोजन शिरवायचा, म्हणजे वर कडक थर तयार होतो. पुण्यात एमटेक करताना मी या विषयाला हात घातला, पीएचडीलाही तोच धरला, आणि मधली बरीच वर्षं ग्रेड ५ च्या चकत्या तापवण्यात, कापण्यात आणि घासण्यात गेली. ग्रेड ५ म्हणजे तेच आपलं सिक्स-फोर, ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेलं टायटॅनियम, विमानात तेच, हाडाच्या इम्प्लांटमध्ये तेच.

मी मूळची रत्नागिरीकडची. आमच्या किनाऱ्यावर काळी वाळू असते, लहानपणी आम्ही त्यात लोहचुंबक फिरवायचो, काही कण पटकन चिकटायचे आणि बरेचसे काळे कण तसेच खाली राहायचे. त्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं आणि इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की घरी फोन करून सांगितलं. या धातूबद्दलचा जिव्हाळा तिथून आहे, त्यामुळे पुढे कुठे जास्त रमले तर समजून घ्या.

सुरुवातीलाच एक घोळ दूर करते. ड्रिल बिटवर जो सोनेरी थर असतो तोही टायटॅनियम नायट्राइडच, पण तो पीव्हीडीने, म्हणजे निर्वातात वाफेतून थर चढवण्याच्या पद्धतीने, बाहेरून बसवलेला असतो, भिंतीला रंग दिल्यासारखा. खाली स्टील, वर नायट्राइड, मधे एकदम स्पष्ट रेघ. नायट्रायडिंगमधला थर धातूतूनच उगवतो, टायटॅनियम तिथलंच, नायट्रोजन बाहेरून आत शिरलेला, आणि वरच्या कडक थरापासून आतल्या मऊ धातूपर्यंत नायट्रोजन हळूहळू कमी होत जातो. इंटरव्ह्यूमध्ये हा प्रश्न हमखास येतो आणि निम्मे लोक इथेच गडबडतात.

दुसरा घोळ पुणे-चाकणच्या पोरांचा जास्त होतो, कारण आपल्याकडे नायट्रायडिंग म्हटलं की क्रँकशाफ्ट आणि गिअर, म्हणजे स्टील. स्टीलला अमोनिया लागतो, ५०० ते ५५० अंशाला अमोनिया पृष्ठभागावर फुटतो आणि त्यातून सुटा नायट्रोजन मिळतो, कारण नायट्रोजनचा रेणू म्हणजे तिहेरी बंध, लोखंडाला तो त्या तापमानाला सहज तुटत नाही. टायटॅनियमचं तसं नाही. त्याला नायट्रोजनची इतकी ओढ आहे की साधा नायट्रोजन गॅस सोडला तरी तो रेणू तोडून घेतो, आणि बारीक पावडर असेल तर ८०० अंशाच्या आसपास टायटॅनियम शुद्ध नायट्रोजनमध्ये चक्क जळतं, असे धातू फार थोडे आहेत. त्यामुळे अमोनियाची गरजच नाही. उलट अमोनिया वापरला तर त्यातला हायड्रोजन टायटॅनियममध्ये घुसतो, थंड होताना हायड्राइडच्या सुया पडतात आणि जॉब (म्हणजे आपण तापवतोय तो भाग) ठिसूळ होतो. स्टीलची रेसिपी उचलून टायटॅनियमला लावू नका, एवढं पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

आता मुख्य विषय, थर बनतो कसा.

फर्नेस तापायला लागली की आधी टायटॅनियमवरचा स्वतःचा ऑक्साइडचा पापुद्रा, काही नॅनोमीटरचा, तो ५५०-६०० अंशाच्या पुढे हळूहळू धातूतच विरघळायला लागतो. मग उघड्या पृष्ठभागावर नायट्रोजनचे रेणू बसतात, तुटतात, आणि अणू आत शिरतात. आत म्हणजे कुठे, तर साध्या तापमानाच्या टायटॅनियमची, म्हणजे अल्फाची, षटकोनी रचना असते, तिच्यात अणूंच्या मधे ज्या अष्टफलकी पोकळ्या असतात त्यांच्यात. अल्फा टायटॅनियम नायट्रोजन किती सामावून घेतं बघा, चढ्या तापमानाला शंभर अणूंमागे वीसच्या आसपास. लोखंडाच्या अल्फात हा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहतो, म्हणजे तुलनाच नाही. म्हणून पहिला काही वेळ नायट्राइड बनतच नाही, नुसतं विरघळणं चालू असतं, आणि त्या काळात बाहेरून काही दिसतही नाही.

पृष्ठभागाजवळचं अल्फा भरलं, आता आणखी नायट्रोजन मावत नाही अशी वेळ आली, की नवीन फेज, म्हणजे वेगळ्या रचनेचे पदार्थ, जन्माला येतात. दोन टायटॅनियमला एक नायट्रोजन असलेला चतुष्कोनी रचनेचा नायट्राइड, ज्याला एप्सिलॉन म्हणतात, आणि सगळ्यात वर एकास एक असलेला, मिठासारखी घनाकृती रचना असणारा डेल्टा, तोच आपला सोनेरी टायटॅनियम नायट्राइड. म्हणजे बाहेरून आत येताना डेल्टा, मग एप्सिलॉन, मग नायट्रोजनने भरलेलं अल्फा, मग मूळ धातू. वरच्या दोघांना मिळून कंपाउंड लेयर म्हणतात आणि अल्फाच्या पट्ट्याला डिफ्यूजन झोन, म्हणजे नायट्रोजन झिरपलेला भाग.

हा क्रम पाठ करू नका. मी केला होता, आणि व्हायवात सरांनी "हाच क्रम का?" विचारलं तेव्हा गप्प बसले. नंतर सरांनीच फळ्यावर टायटॅनियम-नायट्रोजनचा फेज डायग्रॅम (कोणत्या तापमानाला, किती नायट्रोजनला कोणता फेज असतो त्याचा नकाशा) काढला, ८५० अंशावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, आता डावीकडून उजवीकडे वाच. अल्फा, एप्सिलॉन, डेल्टा. मग म्हणाले, आता तुझा सेक्शन आतून बाहेर वाच. तेच! कापलेला सेक्शन म्हणजे फेज डायग्रॅमच धातूत आडवा पडलेला असतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझा आहे. डायग्रॅमवर मधे जे दोन फेजांचे पट्टे असतात, अल्फा अधिक एप्सिलॉन वगैरे, ते सेक्शनमध्ये थर म्हणून का दिसत नाहीत हा पुढचा प्रश्न, तर शुद्ध टायटॅनियममध्ये अशा पट्ट्यात नायट्रोजनचं केमिकल पोटेन्शियल (पाण्याच्या पातळीसारखं समजा) सगळीकडे सारखं, म्हणजे उतारच नाही, आणि उतार नाही तर नायट्रोजन पुढे सरकणार कसा, म्हणून तो पट्टा जाडीच धरत नाही आणि दोन थरांमधे धारदार सीमा उरते. सिक्स-फोरमध्ये तिसरे-चौथे घटक असल्यामुळे हा नियम सैल होतो आणि मिश्र पट्टे दिसू शकतात, ते बघून घाबरू नका. आणखी एक, एप्सिलॉन साधारण ११०० अंशापर्यंतच टिकतो, त्याच्या वर काम केलं आणि थंड केल्यावर तो दिसला तर तो थंड होताना पडलेला असू शकतो.

थर वाढतो कसा याचं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर तो स्वतःच स्वतःला ब्रेक लावत वाढतो. नायट्राइड एकदा बनला की पुढच्या नायट्रोजनला त्याच्यातूनच आत जावं लागतं, आणि डेल्टामधून नायट्रोजन फार सावकाश सरकतो, त्या जाळीतल्या रिकाम्या नायट्रोजनच्या जागांवरून उड्या मारत मारत. जितका थर जाड तितकी वाट लांब. म्हणून जाडीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो, जाडी दुप्पट करायची तर वेळ चौपट. समजा ४ तासांत २ मायक्रॉन मिळाले तर ४ मायक्रॉनला १६ तास आणि ८ मायक्रॉनला ६४ तास, गॅसचं बिल डोळ्यांसमोर आणा. म्हणून नुसता वेळ वाढवून जाड थर मिळवायचा हट्ट करू नये. तापमानाने जास्त फरक पडतो. अॅक्टिव्हेशन एनर्जी (अणूंना उडी मारायला लागणारी ऊर्जा) मोलमागे २०० किलोज्यूल धरली (अल्फामधल्या नायट्रोजनसाठी आकडे याच्या आसपास येतात) आणि ८५० वरून ९०० अंशाला गेलात, तर डिफ्यूजन साधारण अडीच पट होतं, आणि जाडी त्याच्या वर्गमुळाने म्हणजे दीड पटीच्या थोडी वर. हे गणित एकदा स्वतः कॅल्क्युलेटरवर करा, तापमान केल्विनमध्ये घ्यायला विसरू नका, अर्धी पोरं तिथे चुकतात.

इथेच माझी सगळ्यात लाडकी टीप. वेळा निवडताना १, ४, ९ आणि १६ तास घ्या. वर्गमूळ १, २, ३, ४ येतं, ग्राफवर बिंदू सारख्या अंतरावर पडतात आणि सरळ रेषेतून कोणता पॉइंट सुटलाय ते लगेच कळतं. लोक २, ४, ६, ८ तास घेतात आणि मग सगळे पॉइंट एका कोपऱ्यात गर्दी करतात.

वजन करून वाढ मोजणार असाल तर अजून एक गोष्ट. एक चौरस सेंटीमीटरवर १ मायक्रॉन टायटॅनियम नायट्राइड बनलं तर वजन फक्त ०.१२ मिलिग्रॅम वाढतं. माझ्या चकत्या १५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या, सगळ्या बाजू धरून साधारण ५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे मायक्रॉनमागे ०.६ मिलिग्रॅम. साध्या तराजूवर हे येणार नाही, ०.०१ मिलिग्रॅमवाला लागतो आणि चकती बोटांनी धरायची नाही. शिवाय वजनात विरघळलेला नायट्रोजनही येतो, त्यामुळे वजनावरून काढलेला वाढीचा स्थिरांक आणि मायक्रोस्कोपखाली जाडी मोजून काढलेला स्थिरांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेपर वाचताना लेखकाने कोणता दिलाय ते बघा, मी सहा महिने दोन्ही एकाच टेबलमध्ये भरत होते आणि काहीच जुळत नव्हतं.

आता बीटाबद्दल. शुद्ध टायटॅनियम ८८२ अंशाच्या वर अल्फाची रचना सोडून दुसरी रचना घेतं, म्हणजे बीटा होतं, सिक्स-फोरला पूर्ण बीटा व्हायला साधारण ९९५ अंश लागतात, त्याला बीटा ट्रान्सस म्हणतात. बीटामध्ये नायट्रोजन अल्फापेक्षा शेकडो पट वेगाने पळतो. मग वर जाऊनच नायट्रायडिंग करू, पटकन होईल, असं वाटतं ना? पण नायट्रोजन हा अल्फाचा मित्र आहे. तो बीटात शिरला की बीटा त्याला ठेवून घेऊ शकत नाही, त्या जागी अल्फा बनतं, आणि परत वाट त्या सावकाश अल्फातूनच. म्हणजे पृष्ठभागावर अल्फाचं कवच आणि आत बीटा, थंड झाल्यावर सेक्शनमध्ये कवचातून आत घुसलेली बोटं दिसतात, बघायला सुंदर असतात. पण तोपर्यंत आतल्या बीटाचे दाणे प्रचंड वाढलेले असतात आणि कोअरची, म्हणजे आतल्या धातूची, ताकद, विशेषतः फटीग (पुन्हापुन्हा येणारा लोड सोसण्याची), गेलेली असते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, सिक्स-फोरला ट्रान्ससच्या खालीच राहा.

सिक्स-फोरमध्ये अॅल्युमिनियम काय करतं हेही बघण्यासारखं आहे. वाढणारा नायट्राइड अॅल्युमिनियमला फारसा आत घेत नाही, पुढे ढकलत नेतो, त्यामुळे कंपाउंड लेयरच्या अगदी खाली अॅल्युमिनियम जास्त असलेला पातळ पट्टा साठतो. व्हॅनेडियमवाला बीटा तर नायट्रोजनने भरलेल्या भागातून गायबच होतो. शेतात पाणी सोडलं की पाण्याच्या तोंडाशी पालापाचोळा साठत पुढे जातो ना, तसं. हा पट्टा कधीकधी थर सुटण्याची जागा ठरतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नका.

आणि ऑक्सिजन. यावर वेगळा लेख होईल इतकं मी भोगलंय. माझा पहिला रन, ८५० अंश, ४ तास, सिलेंडरवर ९९.९९९ लिहिलेलं, फर्नेस उघडली तर चकत्या कुठे निळसर कुठे तपकिरी, सोनेरी रंगाचा पत्ताच नाही. मी रडकुंडीला आले होते. कारण साधं आहे, टायटॅनियमला नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन प्यारा. २५ अंशाला एक मोल ऑक्सिजन घेऊन टायटॅनियम डायऑक्साइड बनताना साधारण ८८९ किलोज्यूल मुक्त ऊर्जा सुटते, एक मोल नायट्रोजन घेऊन नायट्राइड बनताना साधारण ६१८. तापमान वाढलं तरी क्रम बदलत नाही. म्हणजे दोघे समोर असले की ऑक्सिजनच जिंकणार, आणि गॅस तासन्‌तास वाहत असताना काही पीपीएम (दशलक्षात काही भाग) ओलावासुद्धा पुरेसा होतो. माझ्या बाबतीत सिलेंडरचा दोष नव्हता, रबरी नळी जुनी होती आणि ट्यूबच्या टोकाचं सील गळत होतं. मग नळी बदलून स्टीलची लाइन केली, गॅसच्या वाटेत मॉलिक्युलर सिव्ह (ओलावा शोषणारे दाणे) आणि त्याच्यापुढे तापवलेलं तांबं ठेवलं (तांबं ऑक्सिजन धरतं, नायट्रोजनला हात लावत नाही), तापवायच्या आधी व्हॅक्यूम काढून गॅस भरायचा असं तीन वेळा करायला लागले, आणि चकत्या अॅल्युमिनाच्या बोटीत ठेवायच्या ऐवजी टायटॅनियमच्या तारेने टांगल्या, कारण टेकलेल्या जागी टायटॅनियम अॅल्युमिनाशीही झोंबतं. त्यानंतरच्या रनला जो रंग आला तो अजून आठवतो.

पण रंगावर जाऊ नका. ती पहिली सोनेरी चकती घेऊन मी लॅबभर फिरत होते तेव्हा मेटॅलोग्राफीवाले (धातू कापून मायक्रोस्कोपखाली बघणारे) काका म्हणाले, "अगं, सोनं बघून हुरळू नकोस, कापून बघ आधी." कापलं तर थर जेमतेम मायक्रॉनभर. रंग वरच्या काही शे नॅनोमीटरचा असतो, खाली किती आणि काय आहे ते तो सांगत नाही. फिका पिवळा असेल तर नायट्रोजन कमी पडलाय, तपकिरी-जांभळा असेल तर ऑक्सिजनचा संशय घ्या, एवढंच रंगावरून समजा.

सॅम्पल तयार करणं हे या कामातलं निम्मं काम आहे आणि कॉलेजात ते कोणी नीट शिकवत नाही, याची मला खरंच खंत वाटते. वरचा थर काचेसारखा कडक, खालचा धातू मऊ आणि चिकट, त्यामुळे साधं बेकलाइटमध्ये माउंट करून पॉलिश केलं की कडा गोल होते आणि जो ५ मायक्रॉनचा थर बघायचा तोच फोकसबाहेर जातो. आधी वरून निकेल प्लेटिंग करून घ्या, थराला आधार मिळतो. घासताना दाब कमी, पेपर नवे, आणि शेवटी कोलॉइडल सिलिका. एचिंगला, म्हणजे रचना दिसावी म्हणून आम्लाने हलकं खायला लावायला, क्रोल्स रीएजंट, साधारण १०० मिली पाण्यात २ मिली हायड्रोफ्लोरिक आणि ४-५ मिली नायट्रिक अॅसिड. हे कोअर खातं, नायट्राइडला फारसं लागत नाही, म्हणून थर उजळ पट्ट्यासारखा उठून दिसतो, आणि चांगला जमला असेल तर साध्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपखालीही वरचा डेल्टा सोनेरी आणि खालचा एप्सिलॉन फिकट असा फरक कळतो.

हायड्रोफ्लोरिकबद्दल हात जोडून सांगते. पातळ असलं तरी ते कातडीतून आत जातं, लगेच दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात, आणि आत जाऊन ते शरीरातलं कॅल्शियम धरतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल टेबलावर नसेल तर एचिंग करायचं नाही, कोणी कितीही घाई करू दे. प्लास्टिकचा बीकर (काच ते खातं), जाड हातमोजे, फ्यूम हूड, आणि एकटं असताना करायचं नाही. काही झालंच तर भरपूर पाण्याने धुवायचं, जेल चोळायची आणि दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जायचं.

हार्डनेसमध्ये सगळ्यांची होते ती चूक. सिक्स-फोरचा कोअर ३२० ते ३६० व्हिकर्सच्या (हिऱ्याचा ठसा उमटवून मोजलेला कडकपणा) दरम्यान, टायटॅनियम नायट्राइड २००० च्या आसपास. पोरं १०० ग्रॅम लोडने वरून ठसा उमटवतात, १००० आलं की लिहून मोकळी. आता बघा, १०० ग्रॅमला १००० व्हिकर्स म्हणजे ठशाचा कर्ण १३.६ मायक्रॉन, खोली त्याच्या सातव्या हिश्श्याइतकी म्हणजे जवळपास २ मायक्रॉन. तुमचा कंपाउंड लेयरच २ मायक्रॉनचा असेल तर तुम्ही थर, डिफ्यूजन झोन, कोअर असं सगळ्याचं मिळून काहीतरी मोजलंत. ठशाची खोली थराच्या दहाव्या हिश्श्यात राहायला हवी, म्हणजे इतक्या पातळ थराला नॅनोइंडेंटेशनच (अगदी सूक्ष्म ठशाची चाचणी). सेक्शनवर कडेपासून आत जात डिफ्यूजन झोन मोजायला मात्र २५ ग्रॅमचं नूप (व्हिकर्ससारखीच दुसरी ठशाची चाचणी) छान चालतं, ठसा लांबट आणि अरुंद असतो, कडेला समांतर ठेवला की जवळजवळ घेता येतात. रिपोर्टमध्ये लोड लिहिल्याशिवाय हार्डनेसचा आकडा लिहू नका, त्याला काही अर्थ राहत नाही.

ईडीएसचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखण्याच्या पद्धतीचा) सापळा तर मला कोणी आधी सांगितला असता तर एक पूर्ण सेमिस्टर वाचलं असतं. नायट्रोजनची के-अल्फा रेषा ०.३९२ केईव्हीला येते आणि टायटॅनियमची एक एल रेषा ०.३९५ ला. ईडीएस डिटेक्टरला हे दोन वेगळे दिसूच शकत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र छान टक्केवारी छापून देतं. माझ्या चकतीच्या अगदी मधोमध, जिथे नायट्रोजन पोचणं शक्यच नाही, तिथेही त्याने भरपूर नायट्रोजन दाखवला, आणि तरीसुद्धा मी तो ग्राफ प्रेझेंटेशनमध्ये लावला होता. नायट्रोजनचा प्रोफाइल हवा असेल तर जीडीओईएस (प्लाझ्माने थर खरवडत प्रकाशावरून घटक मोजतं) बघा किंवा नीट स्टँडर्ड लावून डब्ल्यूडीएस (जवळजवळच्या एक्स-रे रेषा ईडीएसपेक्षा बारकाईने वेगळ्या करतं), आणि प्रत्येक वेळी नायट्रायडिंग न केलेली एक चकती सोबत मोजा. ती कोरी चकती तुम्हाला जितकं शिकवते तितकं कोणी शिकवत नाही.

एक्सआरडीत (एक्स-रेवरून फेज ओळखायच्या तपासणीत) तांब्याच्या रेडिएशनला डेल्टाची शिखरं ३६.७, ४२.६ आणि ६१.८ अंशांच्या जवळ मिळतील. एप्सिलॉनचं मुख्य शिखर ३९.३ च्या आसपास, ते अल्फाच्या ३८.४ आणि ४०.२ च्या बरोबर मधे अडकतं. त्यात नायट्रोजन विरघळल्यामुळे अल्फाची जाळी फुगलेली असते, म्हणून अल्फाची शिखरं डावीकडे सरकतात, आणि सरकलेलं ४०.२ वालं शिखर एप्सिलॉन म्हणून खपवलेले रिपोर्ट मी पाहिलेत. एका शिखरावर फेज जाहीर करायचा नाही. साध्या स्कॅनमध्ये किरण काही मायक्रॉन आत जातात, थर पातळ असेल तर ग्रेझिंग अँगलने (किरण अगदी तिरपे सोडून) घ्या.

प्लाझ्मा नायट्रायडिंगचं थोडक्यात सांगते, कारण मी मुख्यतः गॅसवालीच. त्यात जॉब कॅथोड असतो, काही मिलिबार दाबाला काहीशे व्होल्ट लावून ग्लो डिस्चार्ज (चमकणारा विद्युतभारित वायू, म्हणजेच प्लाझ्मा) पेटवतात, आयन आदळून ऑक्साइड उडवतात, त्यामुळे पृष्ठभाग स्वच्छ राहतो आणि गॅसपेक्षा कमी तापमानाला काम होऊ शकतं. ही पद्धत जर्मनीत बर्नहार्ड बर्गहाउस यांनी १९३० च्या दशकात पुढे आणली, अर्थात स्टीलसाठी. टायटॅनियमला करताना गॅसमधला हायड्रोजन बेताने घ्या, कारण वर सांगितलंच. चकतीच्या कडेला वेगळ्या रंगाची कड दिसली तर तो एज इफेक्ट, तिथे विद्युतक्षेत्र दाटतं, मोजमाप मधल्या भागातच घ्या.

हे सगळं कशासाठी, असं घरचे विचारतात तेव्हा मी हिप जॉइंटचं उदाहरण देते. १९७० आणि ८० च्या दशकात काही कृत्रिम खुब्यांचे घासणारे गोळेसुद्धा टायटॅनियम मिश्रधातूचे केले होते, ते झिजले आणि आजूबाजूचा मांसल भाग काळा पडला. आता दांडा टायटॅनियमचा आणि गोळा कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा असतो. टायटॅनियम हलकं आहे, गंजत नाही, पण घासलं की चिकटतं आणि ओरबाडतं, आणि नायट्रायडिंग नेमकं तिथे कामाला येतं. त्याची किंमतही आहे, कडक थर ठिसूळ असतो, वाकवणाऱ्या उलटसुलट लोडखाली त्यालाच आधी तडा जातो आणि तो तडा आत उतरतो. झिजेसाठी जाड थर आणि फटीगसाठी पातळ, किंवा कंपाउंड लेयर जवळजवळ नाहीच आणि नुसता डिफ्यूजन झोन. तुमच्या प्रोजेक्टचा पार्ट कुठे बसणार आहे हे गाइडला पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा.

नोकरीचं म्हणाल तर खरं ते सांगते. फक्त टायटॅनियम नायट्रायडिंग येतं म्हणून महाराष्ट्रात ढिगाने जागा नाहीत. प्लाझ्माचं काम बघायचं तर गांधीनगरला आयपीआर (इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च) या संस्थेचं एफसीआयपीटी हे केंद्र आहे, टायटॅनियम धातू म्हणून शिकायचा तर हैदराबादला मिधानी (मिश्र धातु निगम) आणि डीएमआरएल (संरक्षण खात्याची धातू प्रयोगशाळा), आणि स्पंज (टायटॅनियमचा सच्छिद्र कच्चा धातू) कसा बनतो ते केरळात चवऱ्याला केएमएमएल या सरकारी कंपनीकडे. संशोधनात जायचं तर गेटचा एमटी (मेटलर्जी) पेपर द्या, फिजिक्सवाली मुलंही यात उत्तम काम करतात. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये मात्र ज्याला फर्नेसचं अॅटमॉस्फिअर कळतं, सेक्शन नीट कापून वाचता येतो आणि हार्डनेसच्या आकड्यामागे काय आहे ते सांगता येतं त्याला कायम मागणी असते, आणि हे तिन्ही तुम्हाला या एका विषयात हाताला लागतं. माझ्या बॅचचे दोघे टायटॅनियम सोडून फेल्युअर अॅनालिसिसला गेले, मेटॅलोग्राफीच्या जोरावरच.

प्रोजेक्ट सुरू करताना पहिला रन ९०० अंशाला ४ तासांचा करा, ८०० ने सुरुवात केली तर थर इतका पातळ येतो की तो नाहीच असं वाटून माणूस खचतो. आणि १६ तासांचा रन बुक करताना नीट हिशोब करा, मिनिटाला ५ अंशाने ९०० ला जायला तीन तास, मग १६ तास, मग २०० अंशाच्या खाली येईपर्यंत नायट्रोजन चालूच ठेवायचा, आधी उघडलंत तर वर ऑक्साइडचा रंग चढणार. सगळं मिळून एक दिवस सहज ओलांडतो. एवढा वेळ पुरेल असा सिलेंडर आधी बघून घ्या, प्रेशर गेजचा फोटो काढून ठेवा, आणि रात्री फ्लोमीटर बघायला कोण येणार ते नावासकट फर्नेसच्या दारावर चिकटवा.